समालोचक कोणाच्या बाजूचा?



४ मे २०२४ ची ती संध्याकाळ. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील विवेकानंद युवा भारती क्रीडांगण साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरून गेले होते. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता. एका बाजूला यजमान मोहन बागान आणि दुसऱ्या बाजूला मुंबई सिटी. अवघ्या १९ दिवसांपूर्वी, १५ एप्रिलला, याच मैदानावर याच मुंबईला २-१ असे हरवून मोहन बागानने साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळविले होते. त्यामुळे कोलकाता निश्चिंत होते. मध्यंतराला मोहन बागान एका गोलने पुढेही होते. परंतु उत्तरार्धात मुंबईने एकामागून एक तीन गोल केले आणि ३-१ असा सामना जिंकून चषक आपल्याकडे नेला.

आता अशी कल्पना करा, की नोकरीनिमित्त कोलकात्यास जाऊन तेथेच स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. त्यांची मुले मोहन बागानच्या हिरव्या-मरून झेंड्याखाली वाढलेली. त्यांचेच चुलतभाऊ परळला राहतात आणि मुंबई सिटीच्या निळ्या रंगावर जीव टाकतात. दोन्ही घरांतील दूरदर्शन संचावर तोच सामना, तेच चित्र आणि तोच समालोचक. सामना संपल्यावर दोन्ही घरांचे दूरध्वनीवरून बोलणे होते. कोलकात्याची मुले म्हणतात, “सामना हरलो याचे एवढे वाईट वाटत नाही, पण तो समालोचक पहिल्यापासून तुमच्या बाजूने बोलत होता.” पलीकडून उत्तर येते, “आमच्या? अहो, तो तर सारा वेळ तुमचेच गुणगान करीत होता!”

हा प्रसंग कल्पित आहे, पण यातील तक्रार कल्पित नाही. ज्याने ज्याने एखाद्या संघावर मनापासून प्रेम केले आहे, त्याने कधी ना कधी ती केली आहे. आवाज एकच आणि तक्रारी दोन, त्याही नेमक्या परस्परविरुद्ध! वरवर पाहता ही हसून सोडून देण्यासारखी गोष्ट वाटते. तथापि थोडे खोलात गेल्यास तिच्यात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आढळतो, आणि तो केवळ फुटबॉलचा प्रश्न नाही. ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याच्याविषयी आपण खरी साक्ष देऊ शकतो काय?

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. समालोचकही माणूसच असतो आणि तोही कधी कधी पक्षपात करतो. एखादा नावाजलेला खेळाडू त्याला अधिक प्रिय असतो, एखाद्या गावाचे त्याला आकर्षण असते. तेव्हा प्रत्येक तक्रार खोटीच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण एकच समालोचक एकाच सामन्यात एकंदरीने दोघांच्याही विरुद्ध कसा असेल? दोघांपैकी निदान एकाची तरी चूक होत आहे. आणि आपण लबाडी करीत आहोत असे तर दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. दोघेही प्रामाणिक आहेत. खरी अडचण येथेच आहे.

या अडचणीवर प्रकाश टाकणारा एक जुना अभ्यास आहे. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन शिक्षणसंस्थांमध्ये त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. तो फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. पुढे कित्येक दिवस दोन्ही संस्थांची वृत्तपत्रे एकमेकांवर दोषारोप करीत राहिली. तेव्हा डार्टमथचे आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची चित्रफीत दोन्हीकडील विद्यार्थ्यांना दाखविली आणि दिसतील तेवढे नियमभंग नोंदवावयास सांगितले. हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला. चित्रफीत एकच होती, पण डार्टमथच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले!

त्यातील एक किस्सा तर मोठा बोलका आहे. डार्टमथच्या एका दूरच्या माजी विद्यार्थ्याकडे ती चित्रफीत पाठविण्यात आली. आपल्या संघाने फार आडदांडपणा केला, असे त्याने ऐकले होते. पण चित्रफितीत त्याला तसे काहीच दिसेना. मग त्याने काय करावे? महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तो विमानटपालाने पाठवून द्यावा, अशी त्याने तार केली. वस्तुतः काहीच कापलेले नव्हते. कात्री चालली होती ती त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत.

वाचकहो, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही आपली जुनी म्हण काही वेगळे सांगत नाही. परंतु आपण तिचा अर्थ बहुधा असा घेतो, की माणूस आधी खरे पाहतो आणि मग सोयीसाठी खोटे बोलतो. हा अभ्यास त्याहून भयंकर गोष्ट सांगतो. पक्षपात जिभेवर येण्यापूर्वीच डोळ्यांत शिरलेला असतो. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, आणि आपण जाणूनबुजून खोटे बोललो नाही म्हणजे ती पाळली, असे आपण धरून चालतो. पण जो मनापासून, शपथेवर, चुकीचे सांगतो त्याचे काय? त्याचा हेतू शुद्ध असेल. परंतु ज्याच्याविरुद्ध ती साक्ष गेली, त्याची हानी त्या शुद्ध हेतूने भरून निघत नाही. प्रामाणिकपणा आणि सत्य ही दोन सख्खी भावंडे खरी, पण ती एकच व्यक्ती नव्हेत.

असा प्रामाणिक असत्याचा परिणाम कोठवर जाऊ शकतो, हे कोलकात्याने पाहिलेले आहे. मोहन बागानची स्थापना १८८९ ची, ईस्ट बंगालची १९२० ची. पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांना तेथे ‘घोटी’ म्हणतात आणि पूर्व बंगालातून आलेल्यांना ‘बांगाल’. मोहन बागान घोटींचा आणि ईस्ट बंगाल बांगालांचा, अशी ती सर्वसाधारण विभागणी. जिंकल्यावर एका घरी कोळंबी शिजते, तर दुसऱ्या घरी हिलसा मासा. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार, शेतीवाडी मागे टाकून जी कुटुंबे निर्वासित म्हणून या महानगरात आली, त्यांच्यापाशी आपले म्हणावे असे फारच थोडे उरले होते. त्या थोड्यांत ईस्ट बंगाल हे नाव होते. अशा माणसाला “अहो, हा नुसता खेळ आहे” असे सांगणे म्हणजे त्याच्या दुःखाची थट्टा करणे होय. कोल्हापूरच्या पेठांत आणि तालमींत वाढलेल्या, शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघासाठी घसा फोडलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पण याच प्रेमाने १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर काय केले? मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा कोलकाता लीगचा सामना चालू होता. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली आणि पंचांनी दोघांनाही बाहेर काढले. तेवढ्यावरून प्रेक्षकांत मारामारी पेटली, पळापळ आणि चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसे प्राणास मुकली. सकाळी घरून निघालेली १६ माणसे! त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी १६ ऑगस्टला रक्तदान केले जाते. त्या दिवशी एकाच प्रसंगाकडे पाहणाऱ्या हजारो लोकांपैकी प्रत्येकाला खात्री होती, की अन्याय आपल्याच खेळाडूवर झाला. ती खात्री तपासून पाहण्यास कोणालाच सवड नव्हती.

त्यानंतर ३२ वर्षांनी, ९ डिसेंबर २०१२ रोजी, सॉल्ट लेकच्या मैदानावर पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर होते. मोहन बागानच्या ओडाफा ओकोली याला पंचांनी लाल कार्ड दाखविले आणि प्रेक्षकांतून दगड येऊ लागले. त्यांतील एक लागला तो रहीम नबी या मोहन बागानच्याच खेळाडूला. पूर्वी ईस्ट बंगालकडूनही खेळलेला हा गुणी खेळाडू जखमी झाला, आणि मध्यंतरानंतर मोहन बागानने खेळण्यास नकार दिल्यामुळे सामना अर्धवट राहिला. दगडाला संघ नसतो. तो कोणाच्या प्रेमापोटी फेकला, हे त्याला ठाऊक नसते.

मग काय करावे? कोणावर प्रेमच करू नये, म्हणजे दृष्टी स्वच्छ राहील, असे उत्तर काही तत्त्ववेत्ते देतील. परंतु हे उत्तर मला पटत नाही. ज्याला कोणीही जिंकले तरी सारखेच, त्याच्यापुढे बावीस माणसे एका चेंडूमागे धावत आहेत, यापलीकडे काय आहे? तो पक्षपाती नाही हे खरे, पण बहुधा तो सामना पाहतही नाही. आपल्या खेळाडूच्या पायातील थकवा, पोरसवदा गोलरक्षकाच्या मनातील भीती हे सारे प्रेम करणाऱ्यालाच दिसते. आईला मुलाचा आजार वैद्याच्या आधी कळतो. प्रेम आंधळे करते हे जितके खरे, तितकेच प्रेम दृष्टी देते हेही खरे आहे. तेव्हा प्रेम असावे की नसावे हा प्रश्नच नव्हे. प्रेम कसे असावे, हा प्रश्न आहे.

याचे उत्तर मला कोलकात्याच्याच एका जुन्या हकिकतीत सापडते. २९ जुलै १९११. आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना. एका बाजूला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट ही गोऱ्या सैनिकांची पलटण, दुसऱ्या बाजूला मोहन बागान. भारतीय खेळाडू अनवाणी होते. बूट घालून खेळणारा त्यांच्यात एकच, आणि तो आपल्या ख्रिस्ती समाजातील होता. पुढे ते रेव्हरंड सुधीर चटर्जी म्हणून ओळखले गेले. मैदानाभोवती एवढी अफाट गर्दी लोटली होती, की बहुसंख्य लोकांना खेळ दिसणे शक्यच नव्हते. ध्वनिक्षेपक नव्हता, आकाशवाणी नव्हती. मग लोकांनी एक युक्ती काढली. पतंग उडवून त्यांच्या साहाय्याने दूरवरच्या जनसमुदायाला गोलसंख्या कळविण्यात येत होती. कोलकात्याच्या फुटबॉलचा तो पहिला समालोचक म्हणावयास हरकत नाही.

त्या सामन्यात पहिला गोल इंग्रज पलटणीने केला. वाचकहो, त्या क्षणाची कल्पना करा. पतंगाची दोरी ज्याच्या हाती होती, तोही आपल्याच माणसांपैकी होता. आभाळाकडे डोळे लावून उभे असलेले हजारो लोक केवळ एका बातमीसाठी आसुसलेले होते, आणि त्याला कळवावी लागली ती दुसरीच बातमी. लोकांचे मन राखण्यासाठी पतंगाने खोटी संख्या दाखविली असती तर? घटकाभर जल्लोष झाला असता. पण त्यानंतर शिबदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि सामना संपत आला असता अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला, त्या खऱ्या बातमीवर मग कोणी विश्वास ठेवला असता? २-१ या विजयाचा जो आनंद त्या संध्याकाळी कोलकात्याने भोगला, तो पतंगाने आधीची कडू बातमीही इमानाने सांगितली, म्हणूनच शक्य झाला.

मला वाटते, प्रेमाची खरी परीक्षा येथे आहे. ज्याचे एखाद्या गोष्टीवर पुरे प्रेम असते, त्याला तिच्याविषयीचे सत्य तटस्थ माणसापेक्षा अधिक हवे असते. दवाखान्याच्या दाराशी उभा असलेला बाप डॉक्टरांना “काही तरी बरे सांगा” असे म्हणत नाही. “खरे काय ते सांगा” असे म्हणतो. आपल्याला गोड वाटेल तेच सांगणारा समालोचक हवासा वाटू लागला, की समजावे, आपले प्रेम आता संघावर राहिलेले नाही. ते आपल्या स्वतःच्या मोठेपणावर जडले आहे आणि संघाचा रंग केवळ वर चढविलेला आहे.

पतंगाच्या जागी पुढे आकाशवाणी आली. अजय बसू, पुष्पेन सरकार, कमल भट्टाचार्य यांचे बंगाली समालोचन ऐकण्यासाठी घराघरांत माणसे रेडिओभोवती गोळा होत. श्रोत्याला मैदान दिसत नसे. त्यामुळे सांगणाऱ्यावर मोठी जबाबदारी असे आणि ऐकणाऱ्याला विश्वास ठेवावा लागे. ९ ऑगस्ट १९७५ रोजी कोलकात्यात दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि हळूहळू चित्र प्रत्येक घरात पोहोचले. आता आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. तेव्हा समालोचकाशी भांडण होणे स्वाभाविकच झाले. तो एक सांगतो, आपल्याला दुसरेच दिसते, आणि दोहोंपैकी चूक कोणाची, याविषयी आपल्या मनात तिळमात्र शंका नसते. डोळे मिळाले, पण डोळ्यांवरील संशय हरवला. थोडासा संशय उरला असता, तर त्या समालोचकाचा उपयोग आपल्याला कळला असता. ज्या क्षणी त्याचा शब्द आपल्याला टोचतो, नेमक्या त्याच क्षणी आपले प्रेम आपल्या डोळ्यांवर हात ठेवीत असण्याचा संभव अधिक असतो. प्रत्येक वेळी तोच बरोबर असेल असे नव्हे. पण टोचले, म्हणून तो खोटा, हा न्याय नव्हे.

आपल्या हातून पहिल्या दृष्टिक्षेपात जो पक्षपात होतो, त्याला आपण सर्वस्वी जबाबदार नाही. तो मनुष्यस्वभाव आहे. परंतु त्यानंतरचे सारे आपल्या हाती आहे. चित्र पुन्हा पाहावयाचे की नाही, दुसऱ्या बाजूचे ऐकावयाचे की नाही, आणि हातातील दगड खाली ठेवावयाचा की नाही, हे आपणच ठरवितो.

आणि दगड खाली ठेवता येतो, हेही कोलकात्यानेच दाखविले आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी तेथील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. सारे शहर हादरले. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होणार होता. पुरेसा बंदोबस्त देता येत नाही, या कारणास्तव तो रद्द करण्यात आला. तरी संध्याकाळी लोक मैदानाबाहेर आलेच. हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी हे दोन्ही झेंडे शेजारी शेजारी होते. मोहमेडन स्पोर्टिंगचे पाठीराखेही त्यांच्यासोबत होते. पावसापाण्याची आणि पोलिसांच्या लाठ्यांची पर्वा न करता त्यांनी त्या अनोळखी मुलीसाठी एका आवाजात न्याय मागितला. त्या संध्याकाळी कोणी आपला संघ सोडला नव्हता. पुढच्या सामन्यात ते पुन्हा समोरासमोर बसणारच होते. पण प्रतिपक्षाच्या अंगावरील सदऱ्याच्या आत आपल्यासारखाच एक भाऊ, एक बाप, एक मुलगी आहे, हे त्यांना दिसले. दृष्टी बदलण्यासाठी प्रेम कमी करावे लागले नाही. ते थोडे विस्तृत करावे लागले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांना फुटबॉलशी कर्तव्य नसेल. पण समालोचक आपणा प्रत्येकाच्या आत बसलेला आहे. भावाभावांतील जमिनीचा वाद, सासू-सुनेतील धुसफूस, मंडळीच्या पंचकमिटीची निवडणूक, शेजाऱ्याशी पाण्यावरून झालेली बोलाचाली, या साऱ्यांचे धावते वर्णन आपण रात्री घरी येऊन करीत असतो. त्या वर्णनात आपला प्रत्येक गोल नियमाला धरून असतो आणि समोरच्याचा प्रत्येक गोल पंचांच्या कृपेने झालेला असतो. घरची मुले ते समालोचन ऐकतात आणि त्यावरूनच त्यांचे काका, त्यांची आजी, त्यांचे शेजारी कसे आहेत हे शिकतात. त्यांना तर ते मैदान दिसतही नाही. त्यांच्या आभाळात आपलाच पतंग उडत असतो.

म्हणून एक लहानशी कसोटी सुचवितो. पुढच्या वेळी भांडणाची हकिकत सांगावयास बसाल, तेव्हा समोरच्याची बाजू आधी सांगा, आणि ती अशी सांगा की तो दाराआड उभा राहून ऐकत असला, तर त्यालाही मान्य करावे लागेल. त्याने केलेला चांगला गोल, चांगला म्हणून सांगा. हे जमेल तेव्हा मग आपली बाजू खुशाल मांडा. हिरिरीने मांडा, प्रेमाने मांडा. त्या प्रेमाची मग कोणालाही भीती वाटणार नाही.

आणि दूरदर्शनवरील समालोचकाविषयी बोलायचे, तर पुढचा सामना हरल्यावर त्याला दोष देण्यापूर्वी प्रतिपक्षाच्या घरी दूरध्वनी करून पाहा. तेही त्याच्यावर तेवढेच रागावलेले आढळले, तर तो बिचारा कदाचित आपले काम नीट करीत असावा.